चिमणीचा धूर भावाच्या बोळात

“भोक पाडायचं न्हाई. बिगर पाइपाची चिमणी बसवा,” भगवानराव म्हणाले, तेव्हा मी शिडीवर होतो आणि भिंतीवर सहा इंची गोल आखून झाला होता.

मंठ्यातलं नवं घर. भगवानराव शाळेतून नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी सुमनताईंना दमा. मिरचीची फोडणी बसली की श्वास अडकायचा. म्हणून तर आमच्या जालन्याच्या दुकानातून चिमणी घेतली होती.

चिमणी दोन प्रकारे बसते. पाइप जोडला की ती धूर घराबाहेर टाकते. पाइप नसेल तर तोच धूर कोळशाच्या फिल्टरमधून गाळून हवा परत स्वयंपाकघरातच सोडते. तेल अडतं, वास कमी होतो. वाफ आणि ठसका बराचसा घरातच राहतो.

“ताईंना दमा आहे. पाइपच पाहिजे,” मी म्हणालो.

“पलीकडचा बोळ वाटणीत धाकट्याला गेला. तिथं धूर सोडायचा तर त्याला विचारावं लागंल. मी थोरला. मी न्हाई जाणार.”

“मग शेगडी दुसऱ्या भिंतीला घेऊ.”

“शेगडी आग्नेयेलाच पाहिजे. वास्तू बराबर सांभाळली हाय आपण.”

मी दुकानाच्या शेठना फोन लावला. “गिऱ्हाईक मागतंय ते द्या,” ते म्हणाले. दिलं. सगळं माहीत असून मी मान डोलावली, याची मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी तक्रार आली, चिमणी काम करत नाही. गेलो. मशीन ठणठणीत होतं. नवा फिल्टर घातला आणि सुमनताईंना फोडणी द्यायला सांगितलं. फोडणी बसताच त्या तोंडाला पदर लावून अंगणात जाऊन बसल्या. दम्याचा पंप ओढूनही बराच वेळ त्यांना बोलता येईना. भगवानराव खाली बघत उभे होते.

मी त्यांना न विचारता तडक शेजारी गेलो. धाकटा भाऊ माधव दारातच होता.

“तुमच्या बोळात पाइप काढायचा आहे. वहिनींना धुराचा त्रास होतो.”

“मंग काढा की. दोन महिन्यांपासून वहिनीचा खोकला ऐकून राह्यलो. वाटलं, दादा आज येईल, उद्या येईल.”

“तुम्हीच का नाही गेलात?”

“मी कसा जाणार? भिंत त्याची हाय.”

मला हसावं की चिडावं कळेना. ड्रिल मशीन उचलून कामाला लागलो. भोक पाडायला वीस मिनिटं लागली. पाइप माधवने बोळातून धरला, भगवानरावांनी आतून. एकमेकांशी दोघं बोलले नाहीत. माझ्याशी मात्र दोघंही बोलत होते. सुमनताईंनी पुन्हा फोडणी दिली आणि या वेळी ओट्यापाशीच उभ्या राहिल्या.

आता माप घ्यायला गेलो की मी आधी शेजारच्या दारात जातो, मग ओट्याकडे. शेठ म्हणतात, यात फुकट वेळ जातो. जातो खरा. सुमनताईंचे दोन महिने गेले, त्याहून कमीच जातो.