बारा मैलांच्या अलीकडे, पलीकडे

शाळेतल्या मुलांना बंदर दाखवायची परवानगी मागायला मी मत्स्य कार्यालयात गेलो होतो. तिथे भिंतीवरच्या समुद्राच्या नकाशासमोर आमच्या गावची एक कोळीण उभी होती. तिच्या नवऱ्याची होडी तीन दिवस परतली नव्हती.

"बाई, होडी बारा सागरी मैलांच्या आत होती की बाहेर?" साहेबांनी विचारलं. "आत असेल तर राज्याचं काम, आम्ही बघू. बाहेर असेल तर केंद्राला कळवावं लागेल."

"म्हावरं गावतं तिकडं जातात, साहेब. मी कसं सांगू?"

साहेब भला माणूस होता. त्यांनी दोन्हीकडे फोन लावले आणि दोन्हीकडून तोच प्रश्न आला. ती नकाशातल्या निळ्या रंगावरून हळूहळू बोट फिरवत राहिली.

मी नागरिकशास्त्र शिकवतो. केंद्रसूची, राज्यसूची मुलांकडून पाठ करून घेतो. एवढ्या मोठ्या देशात कामं वाटून घ्यायलाच हवीत, हे मला आजही पटतं. पण त्या वाटणीत एखादा माणूस मधेच तरंगत राहू शकतो, हे कधी मनातही आलं नव्हतं.

शेवटी गावच्याच दोन होड्या निघाल्या. पाचव्या दिवशी त्यांनी त्याला आणलं. इंजिन बंद पडलं होतं. तहानेने तो अर्धमेला झाला होता, पण जिवंत होता. मी भेटायला गेलो तेव्हा ती त्याला पेज भरवत होती.

"मास्तर, तुमी हेच शिकवता ना?" ती म्हणाली. "मग सांगा, पुढच्या खेपेला आधी कोणाच्या दारात जाऊ?"