चहात गेलेलं दूध

संस्थेचे अध्यक्ष शाळेच्या पायरीवर वाकून ओकायचा प्रयत्न करत होते. घशात दोन बोटं. डोळ्यांत पाणी. ओकारी काही येत नव्हती. शिपाई तांब्या धरून शेजारी उभा. वर्गांच्या खिडक्यांत मुलींची तोंडं.

"पाल पडली असती चहात, तरी परवडलं असतं," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता.

त्यांच्या चहात माझं दूध गेलं होतं. माझ्या अंगावरचं. तान्ह्या पोरीसाठी काढून ठेवलेलं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एरवी मला 'अहो बाई' म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू'वर आल्या.

"ही शाळा आहे, गोठा नाही. कळलं का तुला?"

मी मान हलवली. शहाण्या विद्यार्थिनीसारखी. कळलं म्हणून. मग खाली बघितलं तर पोलक्याच्या डाव्या बाजूला ओला डाग पसरत चाललेला. पदर ओढला. पदरही ओला झाला. लाज सगळी तिथंच गोळा झाल्यासारखी.

तर झालं होतं असं.

कराडच्या अलीकडं एका बाजारगावात मुलींची शाळा होती. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, वेशीबाहेर. का बाहेर, ते सांगायला नको. त्या वस्तीतून त्या शाळेत शिकवायला गेलेली मी पहिली. मास्तरणींच्या खोलीत माझा पेला वेगळा होता. वेगळा ठेवा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ओळखून घरून आणला होता. इतकी मी समजूतदार. समजूतदारपणाचं बक्षीस असतं तर दरवर्षी मला मिळालं असतं.

मालक फौजेत, सरहद्दीकडं. घरात मी आणि सासू. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. पोरगी झाली आणि बघता बघता रजा संपत आली. रजेच्या शेवटी शेवटी आमच्या घरात एकच विषय, मी कामावर गेले की ही पिणार काय.

आधी बाटली आणली. काचेची, रबरी बोंडाची. पोरीनं बोंड तोंडात घेतलं, चेहरा असा केला की जणू तिला सायकलची ट्यूब चोखायला दिली. थुंकली. मग डब्यातल्या पावडरीचं दूध. ते प्याली आणि दिवसभर दुपटी धुता धुता माझे हात गळाले. मग सुट्टीवर आलेल्या मालकांनी मिलिटरी दवाखान्यातून एक यंत्र आणलं. काचेचा पेला आणि त्याला रबरी फुगा. फुगा दाबायचा, पेला छातीला लावायचा, फुगा सोडायचा, दूध पेल्यात. मालकांनी हे सगळं मला दाराकडं तोंड करून समजावलं. फौजी माणूस, पण लाजून कान लाल.

आत्तींनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "आगं ह्यो तर सायकलचा भोंगा." आणि दाबलाही. आळीतली पोरं आठवडाभर आमच्या दारात भोंगा वाजवायला येत होती. मी तो लावला तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि पेल्यात आले चार थेंब. भोंगा फळीवर गेला.

शेवटी आत्तीच कामाला आल्या. गरम पाण्यात फडकं पिळून शेकायला लावलं, हातानं दूध काढायला शिकवलं. "म्हशीगत वढू नगंस. पोरीला आठव आन् हळू दाब." पोरीला आठवलं की खरंच पान्हा यायचा. आणि पाजायला त्यांनी बोंडलं काढलं, चोचीचं छोटं भांडं. मालकांना ज्यानं पाजलं होतं तेच, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, चोच जरा वाकडी झालेलं. पोरगी त्यातून प्याली. पण एका अटीवर. मी दिसता कामा नये. माझा नुसता वास आला तरी हातानं बोंडलं उडवायची आणि माझ्या दिशेला मान वळवून भोकाड. मग मी शेजारणीच्या परसात जाऊन बसायची. भिंतीपलीकडं माझी लेक माझंच दूध माझ्याशिवाय पीत असायची, आणि मी शेजारणीचे हरभरे निवडत डोळे पुसायची. शेजारीण म्हणायची, हरभरे खारट व्हतील.

असं करत घडी बसवली. पहाटे अंगावर, दुपारी बोंडलं, सांजेला परत अंगावर. पोरगी शिकली. माझं अंग काही शिकेना. त्याला शाळेचं वेळापत्रक कुणी सांगावं?

कामावर जायच्या आदल्या आठवड्यात मोठ्या बाईंना भेटायला गेले. मधल्या सुट्टीत सासू पोरीला घेऊन येईल, खोलीच्या कोपऱ्यात पाच मिनिटं पाजीन, एवढंच मागणं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या की मूल शाळेच्या आवारात दिसता कामा नये, इथं चांगल्या घरच्या मुली येतात. आमच्या घराला काय म्हणायचं, ते मी विचारलं नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर पाजायची मला स्वतःलाच लाज. मास्तरीण ना मी. मुलींनी बघितलं तर?

म्हणून चोरी सुरू केली. चोरीच म्हणायची. नकाशांची एक अडगळीची खोली होती. सकाळच्या दुसऱ्या तासाला माझा वर्ग नसायचा. तेव्हा तिथं शिरायचं, भिंतीकडं तोंड करून, टांगलेल्या नकाशाआड उभं राहायचं आणि झाकणाच्या छोट्या डब्यात दूध काढायचं. दाराला कडी नव्हती. पाऊल वाजलं की हात थांबायचा आणि पान्हाही आटायचा. उन्हाळ्यात दूध टिकावं कसं? तर ओसरीवर पाण्याचा माठ होता, ओल्या वाळूत बसवलेला. त्या वाळूत शिपाई चहाच्या दुधाचा तांब्या रोवून ठेवायचा, नासू नये म्हणून. त्याच वाळूत, माठाच्या मागच्या बाजूला, मी माझा डबा रोवायची. सुट्टीची घंटा झाली की डबा घेऊन मागच्या फाटकाशी. तिथं आत्ती पोरीला झोळीत घालून उभ्या असायच्या. डबा घ्यायच्या आणि पोरीला माझा वास लागायच्या आत लगबगीनं चालू लागायच्या. पोरीला घरी ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शिपायालाही नाही. तोंड उघडून 'ते माझं दूध आहे' कसं म्हणायचं पुरुषमाणसाला?

त्या दिवशी मी सातवीला सस्तन प्राणी शिकवत होते. हसू नका, धडाच तो होता. सस्तन प्राणी आपल्या पिलांना दूध पाजतात, असं फळ्यावर लिहिलं. त्याच वेळी अध्यक्ष न सांगता शाळा बघायला आले. ऊसवाले, मोठे बागायतदार, शाळेची जमीन त्यांचीच. चहा टाका म्हणून हुकूम गेला. शिपायानं तांब्या काढला तर दूध फाटलेलं. घामाघूम झाला बिचारा. आणि वाळूत त्याला डबा दिसला. कुणा बाईंनी शेळीचं दूध आणलं असेल, मागाहून सांगू, असं त्याला वाटलं.

घंटा झाली. मी ओसरीवर आले. वाळूत हात घातला. डबा हाताला लागला तो हलका. उघडला. रिकामा. झाकण तेवढं नीट लावलेलं. समोर मास्तरणींच्या खोलीत अध्यक्ष खुर्चीत बसून बशीतला शेवटचा घोट घेत होते. चहाला आज चव आहे, गोड आहे, असं शिपायाला सांगत होते.

मला काही सुधरेना. पलीकडच्या फाटकाशी पोरगी भुकेली होती एवढंच डोक्यात. मी शिपायाला मोठ्यानं विचारलं, "मामा, माझ्या पोरीचं दूध कुठाय?"

खोलीतल्या सगळ्या मास्तरणी माझ्याकडं बघायला लागल्या. मग माझ्या पोलक्याकडं. मग बशीकडं.

"कुनाचं दूध?" अध्यक्षांनी विचारलं. "हिचं?"

पुढचं वर सांगितलंच आहे. कपबशा शिपायाला फोडायला लावल्या. माठ ओतला, वाळू उपसली. ओसरी मी धुवायची, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. मी धुतली. खिडक्यांत सातवी उभी होती. सस्तन प्राणी शिकवणारी बाई गुडघ्यावर बसून फरशी पुसताना त्यांनी बघितली. वर हेही सांगितलं गेलं की मूल अंगावरून सोडवायचं की नोकरी सोडायची, ते उद्या ठरवून यायचं.

ओल्या हातांनीच फाटकाशी गेले. पोरगी झोळीत रडून रडून निळी पडायला आलेली. आत्तींनी हात पुढं केला. "दे डबा."

मी सांगितलं. चहात गेलं. अध्यक्ष प्याले. ओकत होते. मी ओसरी धुतली.

आत्ती बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. इतकं हसल्या की फाटकाच्या दगडावर टेकल्या.

"आन् रडतीस कशाला गं? तुझं दूध प्याला न्हवं त्यो? मग तुझ्या पोरीचा दूधभाऊ झाला. आता वकून काय उपेग? नातं वकून पडतंय व्हय?"

मग हसू थांबलं. झोळीतून पोरीला काढून माझ्या हातात दिली. "म्हातारं पोर पाजलंस. आता ह्या बारक्याला पाज. कवाधरनं उपाशी हाय."

मी फाटकाआड सरकायला लागले. सवयीनं. भिंत शोधत होते. तोंड लपवायला भिंत. आणि ती भिंत शोधता शोधताच माझ्या ध्यानात आलं. मी पेला वेगळा आणला, कुणी न सांगता. मी नकाशाआड लपले. मी डबा माठामागं लपवला. त्यांना माझा विटाळ वाटायच्या आधी मलाच माझा वाटत होता. मी एकदा मान वर करून सांगितलं असतं, हे दूध माझ्या लेकीचं, इथं राहील, तर माझी पोरगी आज उपाशी राहिली नसती.

पोरीनं माझा वास ओळखला होता. तोंड पोलक्यावर घासत होती.

मी आत गेले. मागच्या नाही, पुढच्या पायऱ्यांनी. मास्तरणींच्या खोलीत गेले. अध्यक्ष ज्या खुर्चीत बसले होते ती मधोमध तशीच होती. तिच्यावर बसले. भिंतीकडं नाही, दाराकडं तोंड केलं आणि पोरीला पाजायला घेतलं.

मोठ्या बाई दारात आल्या. "काय चाललंय हे?"

"पाजतेय," मी म्हणाले.

त्यांच्यामागं अध्यक्ष होते. त्यांनी मान फिरवली. त्या दिवशी मान फिरवणारे ते होते, मी नव्हे.

लाज गेली असं समजू नका. कान तापलेले होते, सगळी सातवी खिडकीला चिकटली होती. लाजेनं मरायची वेळ होती ती. पण पोरगी पीत होती, घटाघट, आणि मी तिला मध्येच तोडणार नव्हते.

मी म्हणाले, "उद्या ठरवून या म्हणालात. आत्ताच सांगते. पोरगी अंगावरनं सोडवणार नाही आणि नोकरी सोडणार नाही. मधल्या सुट्टीत इथं बसून पाजीन. खोलीला कुलूप घातलंत तर ओसरीवर पाजीन. ओसरीवरनं उठवलंत तर वर्गात, फळ्यापुढं. काढून टाकायचं तर तुम्ही काढा, मला सगळ्यांसमोर सांगून काढा. मी आपणहून जाणार नाही. आणि ह्यापुढं मी लपणार नाही."

मी पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.