वाळवीनं खाल्लं, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा त्याला सगळं ठाऊकच असतं असं म्हणून तिथेही टाळलं. आता तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ते एक बरं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. सजवून लिहिणं मला जमत नाही, आणि ह्यात सजवण्यासारखं काही नाहीसुद्धा.

सुरुवात घरापासून करावी लागेल. रत्नागिरीत मांडवीच्या मागच्या गल्लीत आमचं जांभ्याच्या चिऱ्यांचं कौलारू घर आहे. माझं घर नीटनेटकं असतं, असा माझा लौकिक आहे. शेजारची शालन म्हणते, "तुझ्या घरात पाल पण रांगेत चालते गो!" सगळ्या हसतात, मीही हसते. नातीनं मोबाइलवर घराचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून तर बघायला बाया येतात. नवीन लग्न झालेल्या पोरी येतात. आंब्याच्या रिकाम्या पेट्या घासून, एकावर एक ठोकून मी मांडण्या केल्यात, त्या बघतात. जुन्या सुती साड्यांचे पडदे हाताला लावून बघतात. भिंतींना चुन्यात नीळ घालून मी स्वतः रंग दिलाय. सगळ्यांना जास्त आवडते ती मागची खोली. खिडकीतून माड दिसतात, वारा येतो. "आजी, एवढ्या थोडक्यात कसं केलंत?" असं विचारतात.

मी सांगते — आधी काही विकत आणू नका. आधी नको ते बाहेर काढा. जागा मोकळी झाली की घर आपोआप चांगलं दिसतं.

बाहेर काढलं ते कुणाचं होतं, असं एकीनंही कधी विचारलं नाही. कशाला विचारेल? स्वतःच्या घरात माणूस दुसऱ्या कुणाचं काढणार?

ती मागची खोली माझी नव्हती. ती सुनंदाची होती.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. माझा दीर मुंबईला नोकरीला, ती त्याच्याबरोबर. आमच्याकडे घरोघरी असंच असतं — एक भाऊ गावाला, एक मुंबईला, आणि मुंबईवाल्याची गावच्या घरात एक खोली कुलूपबंद. गणपतीला आणि मे महिन्यात ती उघडते. किल्ली गावच्या जावेकडे राहते. पाऊस सरला की तिनं खोली उघडायची, गाद्यांना ऊन दाखवायचं, कोपऱ्यातून झाडू फिरवायचा, पुन्हा कुलूप घालायचं. किल्ली देताना सुनंदा दर वर्षी तेच म्हणायची, "वैनी, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

आणि मला त्या बंद दाराचा राग यायचा. का यायचा, ह्याचं चांगलं कारण मी देऊ शकत नाही. मी सगळं घर झाडायची आणि त्या दारापाशी थांबायची. माझी दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे खेडजवळ लोट्याला कंपनीत कामाला, शनिवारी रात्री यायचे. आम्ही सगळे दोन खोल्यांत, आणि घरातली सगळ्यात हवेशीर खोली रिकाम्या गाद्यांसाठी. पण ही अडचण म्हणून सांगितली तर तुम्ही म्हणाल, होतं असं. तसं नव्हतं. सासूबाई गेल्या, लेकीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला गेला, घरात जागाच जागा झाली — आणि त्यानंतर मी ते केलं. अडचण होती तेव्हा नाही केलं. अडचण संपल्यावर केलं.

मला ती खोली हवी होती. एवढंच.

मे महिना होता. त्या वर्षी मुंबईची मंडळी आली नव्हती, मुलाची कसली परीक्षा होती. पावसाआधी घर आवरायला घेतलं आणि आवरता आवरता त्या दारापाशी आले. कुलूप उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. दोन ट्रंका, त्यांत साड्या आणि मुलांचे लहानपणचे कपडे. तांब्याचं घंगाळ, पितळेचे डबे, गाद्या. आणि भिंतीला लागून कपाट. सुनंदाच्या लग्नात तिच्या वडलांनी दारातला फणस पाडून, सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. पिवळंधमक होतं, पुढे तांबूस झालं. आत आरशाच्या मागे तिनं वडलांचा फोटो लावून ठेवलेला.

वाळवी कुठेच नव्हती. हे नीट ऐका. वाळवी होती गोठ्याच्या मोडक्या वाशाला. त्या खोलीत एक किडाही नव्हता.

भांडी मी बाजारात मोडीत घातली आणि नवीन आणली. गाद्यांचा कापूस पिंजून घेतला, त्याच्या उशा आणि बैठकीची आसनं झाली. साड्या, कपडे बोहारणीला दिले. एक स्टीलचं पातेलं मिळालं. तेव्हा वाटलं, चांगला सौदा झाला. कपाट तेवढं टाकवेना, चांगलं होतं ते. टेम्पो सांगितला आणि चिपळूणला लेकीकडे पाठवलं. लेकीला म्हटलं, "काकीनं तुला दिलंय. मुंबईला तिला काय करायचंय एवढं मोठं?" तिच्या सासरी माझी मान वर झाली. शनिवारी हे आले, त्यांनाही तेच सांगितलं.

गोठ्याचा वासा आणून मागल्या दारी जाळला. एक तुकडा ठेवला, पोखरलेला, वाळवीची माती चिकटलेला — दाखवायला. त्या आगीत मी आणखी एक वस्तू टाकली. तिच्या वडलांचा फोटो. त्याचं काय करावं ते सुचेना. ठेवला तर विचारणार — कपाट गेलं आणि फोटो कसा राहिला? माझ्या हातानं टाकला. त्यातला माणूस मला ओळखत होता, दोनदा आमच्याकडे जेवून गेला होता. एवढं लिहिताना सुद्धा मी मध्येच उठून पाणी पिऊन आले.

मग खोलीला नीळ घातलेला चुना दिला. पेट्या ठोकल्या, पडदे लावले. अंगणात उभं राहून खिडकीतून आत बघितलं तेव्हा फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

गणपतीला सुनंदा आली. पडवीत पाय धुऊन थेट त्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. मी मागून गेले आणि तो तुकडा पुढे केला. म्हटलं, "वाळवी लागली गो. काही राहिलं नाही. सगळं खाल्लं. तुला कळवून आणखी कशाला जिवाला लावून घ्यायचं, म्हणून जाळून टाकलं."

तिनं तो तुकडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. भिंतीकडे बघितलं, जिथे कपाट होतं तिथे. मग म्हणाली, "वैनी, फणसाचं होतं ते."

आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, जुन्या फणसाच्या गाभ्याला वाळवी शिवत नाही. म्हणून तर लोक दारं, देव्हारे फणसाचे करतात. जन्म गेला माझा ह्या गावात, आणि खोटं बोलताना मला नेमकं तेच आठवलं नाही. घंगाळ तांब्याचं, डबे पितळेचे — तांबं-पितळ कुठली वाळवी खाते? हे सुद्धा मला तिच्यासमोर उभी असताना सुचलं. मे महिन्यापासून ते खोटं मी मनात घोळवत होते, आणि इतकं साधं सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, "वाळवीला काय, फणस नि आंबा."

तिनं तुकडा खिडकीत ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?" चहा तिनंच केला. मला पहिला दिला.

तेव्हा ती ओरडली असती तर? चार लोकांत माझे वाभाडे काढले असते तर? मी भांडले असते, रडले असते, शेवटी कबूल तरी केलं असतं. की नसतं केलं? माहीत नाही. हे आपलं मी आता म्हणते.

पुढच्या वर्षी गणपतीला माझी लेक आली होती. आम्ही तिघी मोदक वळत बसलो होतो. मध्ये उकडीची परात. लेक भाबडी, ती बोलून गेली, "काकी, कपाटाचं तुला सांगायचंच राहिलं. काय सुंदर आहे गो! आमच्याकडे येईल तो विचारतो. तुझी आठवण काढते मी रोज."

माझे हात थांबले. मी परातीकडे बघत राहिले.

सुनंदानं हातातल्या मोदकाच्या कळ्या पाडल्या. सगळ्या पाडून झाल्यावर म्हणाली, "वापर हो. उजवं दार जरा उचलून लाव, खालची बिजागरी सैल आहे. बाबा म्हणायचे बदलून देतो, राहूनच गेलं."

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. त्या दिवशी नाही, विसर्जनापर्यंत नाही. लेकीसमोर तिनं मला झाकलं. मी तिचं घेतलं होतं आणि तिनं मला झाकलं. त्यानंतर ती गणपतीला आली नाही. पायाचं दुखणं, रजा नाही, तिकीट नाही — दर वर्षी काही तरी कारण यायचं. मी म्हणायची, "असू दे, तब्येत सांभाळ." खोलीत पाहुणे उतरू लागले. पुढे पुढे नातवंडं त्या खोलीला आजीची खोली म्हणायला लागली, आणि मी ते म्हणू दिलं.

कुणी म्हणेल, जुन्या वस्तू त्या, काय एवढं. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण मुंबईच्या माणसाचं गावात दुसरं काय असतं? वर्षातून पंधरा दिवस येऊन कुलूप उघडायचं, आपल्या ट्रंकेतली आपली साडी काढायची आणि आपल्या उशीवर डोकं टेकायचं. तेवढ्यानं ती ह्या घरची होती. ते नसलं की ती पाहुणी. पाहुणी किती वेळा येणार?

माझे हे गेले, त्यानंतर दीरही गेले. मग सुनंदाच्या मुलाचा फोन आला. माझा पुतण्या मला मोठी आई म्हणतो, लहानपणी माझ्या हातचं जेवलाय. म्हणाला, "मोठी आई, आमची जागा आता लहान पडते गो. मुलं मोठी झाली. आई हॉलमध्ये झोपते, तिला झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात, हवा बदलली तर बरं वाटेल. तिला गावाला ठेवू का? तिला मी विचारलं तर म्हणते, वैनींना विचार, त्यांची गैरसोय नको. मी पडवीतसुद्धा राहीन."

तिच्या हक्काच्या घरात, पडवीत. आणि मला विचारून.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. हो. तेव्हा तरी. मी एकटी होते घरात. खोली मोकळी होती, चादर घातलेली होती. मला नुसतं "आण" म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "अरे, तिला इथे कोण बघणार? मीच धडपडत असते. पावसात वीज नसते, डॉक्टर लांब. तिकडेच बरी ती."

तो म्हणाला, "बरं, मोठी आई." लगेच ऐकलं त्यानं. मोठ्या माणसाचं ऐकायचं, असंच शिकवलेलं त्याला — तिनंच.

मी नाही का म्हटलं? तिला सांभाळायला जड गेलं असतं म्हणून नव्हे. ती रोज समोर दिसली असती म्हणून. मला चहा करून दिला असता, पहिला कप मला दिला असता, आणि काही बोलली नसती. ते मला रोज नको होतं. माझ्या नीटनेटक्या घरात तेवढं एक नको होतं.

त्यानंतर दोन पावसाळे ती त्या हॉलमध्येच होती. लोखंडी घडीच्या खाटेवर. सकाळी पाहुणे यायच्या आत खाट मिटून भिंतीला उभी करायची असायची, असं पुतण्या नंतर सहज बोलताना बोलला. ती आजारी असतानाही उठून बसायची, खाट मिटता यावी म्हणून.

ती गेल्याचा फोन दुपारी आला. मी तांदूळ निवडत होते. पुतण्या रडत होता, मी त्याला धीराचं काही तरी बोलले, काय ते आठवत नाही. फोन ठेवला. पण रडू यायच्या आधी माझ्या मनात एक गोष्ट आली, आणि ती मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. मनात आलं — आता हे ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही.

आधी ते आलं. मला हलकं वाटलं. रडू त्यानंतर आलं.