याला सोडा

आमच्या उपनगरात, माउंट रॉस्किलला, कोपऱ्यावरच्या डेअरीमागे, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानामागे, एक मराठी बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि बोलताना नजर गिऱ्हाइकाकडे नाही, स्क्रीनकडे.

घरचा कॉम्प्युटर फारच मंदावला, म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. सोबत माझी शाळकरी मुलगी होती.

"स्पायवेअर पकडायला तीन-तीन प्रोग्रॅम?" बाई म्हणाल्या. "अहो दादा, हे दिवसभर एकमेकांनाच तपासत बसतात. एक पुरे."

"जास्त सुरक्षित वाटलं."

"हो ना, हीप्स, ढीगभर सुरक्षित," त्या हसल्या. मग माउसवरचा हात थांबला. "इथे टाइप केलेलं सगळं नोंदवणारा एक प्रोग्रॅम आहे. तिघांनीही तो पकडलाय. पण तिघांनाही कुणीतरी सांगून ठेवलंय, याला सोडा."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. नेटवरून आला असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. बाहेरच्या चोरांची मला खरोखरच भीती वाटायची. आपणही त्यांतलेच एक, हे कधी मनात आलं नव्हतं.

"मीच टाकलाय," मी तिला म्हणालो. "तू मैत्रिणींना काय लिहितेस, ते वाचायला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कीबोर्ड मुलीपुढे सरकवला. "तूच काढ, बाळा. मी सांगते कसं ते."

तिनं तो काढला. सगळं नक्की गेलं का, हे तिनं मला नाही, त्यांना विचारलं.