श्रीनिवासरावांची शंकावही

पुलगावच्या श्रीनिवासरावांना माहितीपट दाखवायचा म्हणजे चौकीत जबाब द्यायला जाण्यासारखंच. तीस वर्षं त्यांनी लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या गेटवर लोकांचे पास तपासले. निवृत्त झाल्यावर करमेना, तेव्हा माहितीपट तपासायला लागले. वर्ध्याच्या आमच्या चित्रपट मंडळाच्या पत्रकात ते परीक्षण लिहितात, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय आम्ही काही दाखवत नाही. मी मंडळाचा चिटणीस, त्यामुळे हा छळ मी जवळून पाहिलाय.

पहिल्यांदा ते आवाज बंद करून बघतात. माणसं बोलायला लागली की आपण फसतो, असं त्यांचं म्हणणं. मग वहीत एकेक शंका उतरते. एका दिग्दर्शकानं उपाशी शेतमजूर दाखवला होता. श्रीनिवासरावांनी चित्र थांबवून त्याच्या मनगटावरचा घड्याळाच्या जागचा गोरा पट्टा मला दाखवला. मजूर दिग्दर्शकाचा मेहुणा निघाला! तेव्हापासून श्रीनिवासराव फारच शेफारले. आणि खरं सांगतो, मीही लोकांची मनगटं बघायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात नाचणगावच्या आकांक्षानं तिचा पहिलाच माहितीपट पाठवला. दोन वर्षं मोबाईलवर शूट करून तिनं तो जुळवला होता. रविवारी दाखवायचं ठरलं, गावातल्या बायकांसाठी तिनं गाडीही सांगून ठेवली. शुक्रवारी श्रीनिवासरावांचा फोन आला.

"चिटणीस, ही पोरगी फसवून राह्यली. या लवकर."

त्यांच्या घरी गेलो तर आकांक्षा खुर्चीच्या टोकावर बसलेली. कॉम्प्युटरवर जयवंता नावाची शेतात राबणारी बाई कापूस वेचत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

"सुरुवातीला ही सांगते, नवरा साप चावून गेला," श्रीनिवासरावांनी पेन्सिल पडद्यावर आपटली. "मग हे काय? एकतर नवरा जिवंत आहे, नाहीतर हे शूटिंग आधीचं आहे."

"नाई काका. ते गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षीचं आहे. आमच्या ग्रामसभेत ठराव झाला, कोणाचं कुंकू पुसाचं नाई म्हणून."

"मग ते दाखवलं काऊन नाही?"

"जयवंताकाकू नाई म्हणे. मी कुंकू लावतो, त्यात काय दाखवाचं, म्हणे."

उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटलं. मीही विचारलं, "ठरावाचा कागद आहे का?" ती बिचारी मोबाईलमध्ये फोटो शोधायला लागली. तिचे डोळे भरून आले होते आणि मला स्वतःची लाज वाटली, तरी मी फोटोची मागणी मागे घेतली नाही.

श्रीनिवासरावांनी फोटो मोठा करून शिक्का तपासला. "ठराव कागदावर होतात. घरात असं होत नाही. मी तरी कुठल्या घरात पाहिलं नाही."

तेवढ्यात चहा घेऊन सुमतीताई आल्या. त्या श्रीनिवासरावांच्या धाकट्या बहीण. नवरा वारल्यापासून भावाकडेच असतात. त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही. उभ्याउभ्याच पडद्याकडे बघत राहिल्या.

"ह्या बाईले कोणी काही म्हणत नाई?" त्यांनी आकांक्षाला विचारलं.

"पहिले म्हणत होते. आता नाई म्हणत."

"दादा, परत लाव."

त्यांनी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"तुले ह्या बाईच्या कुंकवाची शंका आली," सुमतीताई म्हणाल्या. "माझं कपाळ अकरा वर्षांपासून तुझ्यासमोर आहे. त्याची कधी आली नाई."

श्रीनिवासरावांनी वही मिटली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "रविवारी दाखवा."

रविवारी नेहमीप्रमाणे ते हॉलच्या दारात पास तपासत उभे होते. नाचणगावच्या बायका आल्या, जयवंता आली. त्यांच्या मागून सुमतीताई. कपाळावर मसुराएवढी लाल टिकली, आणि हात सारखा टिकलीकडे जात होता.

रांगेतले अण्णाजी, पुलगावचे त्यांचे जुने शेजारी, बघतच राहिले. "काहो श्रीनिवासराव, सुमतीताईंनी हे..."

"अण्णाजी, पास दाखवा," श्रीनिवासराव म्हणाले.

अण्णाजींनी पास दाखवला. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला, पुन्हा पाहिला. सुमतीताई आत जाऊन जयवंताशेजारी बसेपर्यंत त्यांनी तो परत दिला नाही.