मंजूषाताईंच्या मुलींची दोन बोटं

आमच्या अवधपुरी कॉलनीत मंजूषा डोंगरेला ओळखायची सोपी खूण म्हणजे दिवस मावळला तरी डोळ्यांवर असणारा काळा चष्मा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. शेजारी म्हणून मी तिला लहानपणापासून पाहतो आहे. कॉलेजात असताना ती हॉकी फार चांगली खेळायची. एका सामन्यात चेंडू कपाळावर लागला. तोंडावर पाणी मारून ती पुन्हा उतरली, आणि थोड्याच वेळात कोणाचं तरी कोपर त्याच डोक्यावर बसलं. तेव्हापासून तिला उजेड आणि कुकरची शिट्टी सोसत नाही, आणि एकदा केलेलं काम ती विसरून पुन्हा करते. आमच्याकडून विरजण नेते, आणि घटकाभराने वाटी घेऊन परत हजर. माझी बायको कमलिनी पुन्हा देते. म्हणते, "तिच्याकडचं दही घट्ट लागतं ते उगीच नाही."

हल्ली ती कॉलनीतल्या मुलींना हॉकी शिकवते. तीच सूचना तिने दुसऱ्यांदा दिली, की मुली मुकाट्याने दोन बोटं वर करतात.

"पहिल्यांदा ऐकलं असतंत तर ही वेळ आली नसती," ती म्हणते.

गेल्या हिवाळ्यात उपांत्य सामना होता. गुण लिहायला मी बसलो होतो. तिची सर्वांत तयार खेळाडू तन्वी धडकून डोक्यावर पडली, पण लगेच उठली. मध्यंतरात म्हणाली, "ताई, मी एकदम ठीक आहे. स्कोअर काय झाला?"

"एक-एक."

संत्र्याची फोड तोंडात टाकून तन्वीने विचारलं, "ताई, स्कोअर काय झाला?"

मुली खिदळल्या. सगळ्यांची दोन बोटं वर गेली. मंजूषा मात्र हसली नाही. तिने तन्वीच्या हातातली स्टिक काढून घेतली.

"बस. आज खेळ संपला. आधी दवाखाना."

तन्वीचे वडील परीक्षित धावत आले. "अहो मॅडम, तोंडावर पाणी मारा आणि उतरवा. निवडीची माणसं बसलीत वर."

"माझ्याही तोंडावर मारलं होतं, भाऊ." मंजूषाने चष्मा काढला. दुपारच्या उन्हात तिच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली. परीक्षित गाडी आणायला गेले.

सामना आम्ही हरलो. डॉक्टरांनी तन्वीचा खेळ बंद केला, मोबाईलही. ती तोंड फुगवून, स्टिक मांडीवर घेऊन मैदानाच्या कडेच्या बाकावर बसू लागली.

"डोकं दुखतंय का गं?" मंजूषाने विचारलं.

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "डोकं दुखतंय का गं?"

तन्वीने दोन बोटं वर केली.

"हे विसरून नाही विचारलं. पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात. मीही म्हणाले होते."

तन्वीने बोटं खाली घेतली.

"थोडं दुखतंय," ती म्हणाली, आणि मांडीवरची स्टिक बाकाखाली सरकवली.