नुऐरियाचा पाऊस आणि दोन खलास

सौदीत धाहरानला माझ्याकडे आल्यापासून आईचं एकच पालुपद: "तुझ्या या देशात मॉल सोडून काही आहे की नाही?" चिपळूणची बाई, चार दिवसांत एसीला विटली. ऑफिसातला नासर म्हणाला, "माझ्या वडिलांकडे चला, मेंढ्या आहेत." शुक्रवारी सकाळीच गाडी काढली.

जुबैलच्या बाजूने नुऐरिया अडीचेक तास. रस्ता छान, पण उंट आडवे येतात, अंधारात जाऊ नका. नुऐरियात टाकी फुल्ल करा, पाणी आणि गरम खबूस रोट्या घ्या. पुढे कच्ची वाट. फोर-बाय-फोर नसेल तर या भानगडीत पडूच नका. खर्च म्हणाल तर पेट्रोलचा. पाहुण्याने पाकीट काढलेलं इथे खपत नाही.

नासरचे वडील अबू नासर तंबूबाहेरच उभे होते. कहवा, खजूर, मग परातभर भात-मटण. मेंढ्या मात्र हाडकुळ्या. तीन हिवाळे धड पाऊस नाही, विकतचं जव घालून कळप जगवलेला. नासर हिंदीत सांगत होता, "अब नहीं होता." उद्या व्यापाऱ्याचा ट्रक येऊन सगळ्या घेऊन जाणार होता. म्हातारा एका मेंढीची पाठ खाजवत बसला होता.

"विचार त्यांना," आई म्हणाली, "मग दिवसभर करणार काय?"

मी नाही विचारलं. धीरच झाला नाही.

तिन्हीसांजेला आभाळ फाटलं. मी कोकणातला, मला पावसाचं काय कौतुक? पण इथली जमीन पाणी पीतच नाही हो, ते सरळ वाहायला लागतं! मेंढ्यांचं कुंपण खोलगट भागात. अबू नासर आणि त्यांचा सुदानी मेंढपाळ इद्रिस तिकडे धावले. आम्हाला हलू दिलं नाही. आई रामरक्षा पुटपुटत बसली.

सकाळी अबू नासर चिखलाने माखून परतले, फोन कानाला, आवाज चढलेला. "खलास! खलास!"

आईने पदर तोंडाला लावला. "गेली रे सगळी! पुरात आमची कपिला गाय गेली तश्शी..." आणि हमसून रडायलाच लागली. अबू नासर फोन धरून बघतच राहिले.

मी नासरला समजावलं, आमच्यात खलास म्हणजे मेलं. तो आधी दचकला, मग पोट धरून हसला. "अरे, बाबा व्यापाऱ्याला सांगतायत, ट्रक आणू नकोस, सौदा खलास! आता गवत येणार!" इद्रिसने मेंढ्या वेळीच टेकाडावर नेल्या होत्या. साठवलेलं जव तेवढं वाहून गेलं होतं.

"मग नीट बोलायला काय होतं?" आई डोळे पुसत करवादली. अबू नासरनी तिला हाताने टेकाड दाखवलं. ती एकेक मेंढी मोजायला लागली.

पाणी ओसरायला दुपार झाली, तोवर आम्ही थांबलो. मोबाइलवर पावसाचा इशारा आला असेल तर ओढ्यात गाडी घालू नका, कितीही कोरडा दिसो.

आई चिपळूणला परतली, पण फोनवर पहिला प्रश्न मेंढ्यांचा. मी नासरने दाखवलेले फोटो पाठवायचो: हिरवी लव, त्यात मेंढ्यांची तोंडं. दुसरा पाऊस मात्र आलाच नाही. गरम वारा सुटला, गवत करपलं. परवा कँटीनमध्ये विचारलं, तर नासर चहाकडे बघत म्हणाला, "खलास."

तोच शब्द मी आईला सांगितला.

"आपलं की त्यांचं?"

"ट्रक येऊन गेला, आई."

मग आई म्हणाली, "विचारलंस का, आता दिवसभर करतात काय?"

या खेपेला विचारलं होतं. रोज पहाटे उठतात आणि मेंढ्यांच्या टाक्यात पाणी भरतात.